राई लागणे

दादा, तुझ्यापायी मी डॉक्टरांशी भांडले. तू तेव्हा शुद्धीत नव्हतास. तुला घोडेगावहून पुण्याला हलवायचं की नाही यावर बोलणं चाललं होतं, आणि तो तरुण डॉक्टर कागदावरून मान वर न करता म्हणाला, "किती वर्षांपासून घेतात?" मी विचारलं, "काय घेतात?" तो म्हणाला, "दारू." मग मी त्याला चांगलंच सुनावलं. माझा भाऊ थेंबाला शिवत नाही, का शिवत नाही ते तुम्हाला ठाऊक नाही, आधी नीट तपासा आणि मग बोला. उभा जन्म वर्गात चढवलेला आवाज, बाकावरचे सगळे वळून बघायला लागले. वहिनी मात्र पदराच्या टोकाला गाठ मारत होती, सोडत होती, परत मारत होती. माझ्याकडे बघत नव्हती. तिच्या त्या गाठीवरून मला कळलं.

तू गेलास तेव्हा सगळे रडले, मी रडले नाही. बाईंना धक्का बसलाय, असं लोक म्हणाले. मला राग आला होता. अजूनही आहे. तुझ्यावर लिहायचं म्हणून बसले की आधी तोच येतो, तर येऊ दे.

आबांपासूनच सुरुवात करावी लागेल. आळे गावच्या घरी संध्याकाळी आबा फाट्यावरून यायचे. चालण्यावरूनच आईला समजायचं. ती आपल्याला पडवीतून आत ओढायची आणि सांगायची, "गप बसा. आबांच्या अंगात वारं आलंय. वारं उतरलं की बोलतील." आपल्याला ते खरं वाटायचं. शेजारच्या काकूंच्या अंगात देवी यायची, त्याही अशाच डोलायच्या, त्याही घरच्या माणसांना ओळखायच्या नाहीत. काकूंच्या लोक पाया पडायचे, म्हणून एकदा तू हळदकुंकवाचं ताट घेऊन आबांच्या पुढ्यात गेलास. म्हणालास, "देवा, माझी पाटी कुनी नेली?" आबा तुझ्याकडे बघत राहिले. मग भिंतीकडे तोंड करून हमसून हमसून रडले. तू ताट तसंच परत आणलंस, मला मोरीत नेलंस आणि म्हणालास, "शके, वारंबिरं काय न्हाई. दारू हाय ती."

तिथून आपला खेळ सुरू झाला. जो दाराशी असेल त्याने दुसऱ्याला खबर द्यायची, पण आईला कळू द्यायचं नाही. ‘तार’ म्हणजे थोडीच घेतलीय, गाणं म्हणतील. ‘टुन्न’ म्हणजे न जेवता झोपतील. ‘विमान’ म्हणजे परसदारानं पळ. हे शब्द तू फाट्यावर मोठ्या माणसांच्या तोंडून उचलून आणायचास आणि आपण ते एकमेकांच्या कानात सांगून पोट धरून हसायचो. हसलो म्हणून ती वर्षं निभावली. ‘विमान’ म्हणून तू ओरडलास की मी पळायचे, पेरूच्या झाडामागे जाऊन बसायचे. तू पळायचा नाहीस. पुढच्या दारातच उभा राहायचास, म्हणजे आबांना वाटेत तूच आधी सापडशील. हे मी कधी तुला बोलून दाखवलं नाही. बोलायला हवं होतं की नको होतं, ते आता ठरवता येत नाही, पण ते तू केलंस, आणि त्यासाठी मी तुझी जन्माची देणेकरी आहे. त्याच पोरानं आईच्या पायांवर हात ठेवून शपथ घेतली होती, की मी आयुष्यात दारूला हात लावणार नाही. आबांचं तेरावं झालं होतं त्या दिवशी.

मग तू डिंभ्याच्या धरणावर नोकरीला लागलास, तिथंच घर केलंस. मी जुन्नरला मराठी शिकवायला लागले. लहानपणीचा खेळ मोठेपणी आपण संशोधन म्हणून चालू ठेवला, म्हणजे आपणच त्याला संशोधन म्हणायचो. फोन यायचा, "शके, नवा शब्द सापडला." शब्द सांगून झाला की तुझा ठरलेला प्रश्न, "आता सांग, ह्यात देव कुठंय?" कारण हे आपल्याला लवकरच दिसलं होतं की दारूच्या प्रत्येक शब्दाच्या खाली कुठेतरी देव झोपलेला असतो. प्यायलेला माणूस ‘तारेत’ असतो, आणि तार म्हणजे एकतारीची, भजनात बसलेल्याची लागते ती. त्याची ‘समाधी लागलेली’ असते, ‘टाळी लागलेली’ असते. तो ‘तीर्थ’ घेऊन आलेला असतो. सकाळी डोकं धरून बसला की त्याला ‘उतारा’ लागतो, आणि लिंबू-भात ओवाळून तिठ्यावर टाकतात तोही उताराच. ‘कैफ’ तर थेट फकिरांकडून आलेला, कचेरीतल्या कैफियतीचा सख्खा भाऊ. ‘मस्त’ म्हणजे मुळात झिंगलेला, मग तो प्याल्यानं झिंगलेला असो नाहीतर अल्लाच्या नावानं. ‘विमान’ उडतं तेही शेवटी स्वर्गाकडेच. ‘टाईट’मध्ये देव नाही असं मी म्हटलं, तर तू म्हणालास, "का न्हाई? तार ताणली की टाईट व्हती." एकाच शब्दापाशी आपण दोघं हात टेकून बसलो होतो. दारूबरोबर तोंडात टाकायचा ‘चकणा’. त्यात देव काही सापडेना.

वाद होता तो याच्या पुढचा. उसनं कुणी कुणाकडून घेतलं? माझं म्हणणं साधं होतं. देवाचे शब्द आधीचे. दारुड्यांनी ते लाज झाकायला उचलले, किंवा दारुड्यांच्या बायकांनी, पोरांना काय सांगायचं म्हणून, आपल्या आईसारख्यांनी. तुला हे कधी पटलं नाही. तू म्हणायचास, झाकाझाकी नाही ती. माणूस स्वतःतून बाहेर पडतो तेव्हा त्याला जे होतं ते एकच असतं, मग तो राउळात बसलेला असो की गुत्त्यात. वेदातले ऋषी सोम प्यायचे आणि देवाशी बोलायचे, ते काय लाज झाकत होते? मी म्हणायचे, ऋषींच्या बायकांना विचार. तू हसायचास. जुन्नरच्या बाजाराच्या दिवशी तू माझ्याकडे यायचास आणि चहा गार होईपर्यंत हाच वाद चालायचा. माझ्या घरी दुसरा कुणी इतका बोललेला मला आठवत नाही.

मग तू ‘राई लागणे’ आणलास.

राई म्हणजे मोहरी नव्हे, देवाची राई, त्याच्या नावानं राखलेलं रान, असं तू आधीच बजावलंस. वर डोंगरात आहुप्याला सोमाबाबा म्हणून एक म्हातारा आहे, त्याच्याशी बोलता बोलता सापडला. तिकडे दारू चढली असं म्हणतच नाहीत, ‘राई लागली’ म्हणतात. राईत शिरलं की अंधारून येतं, वाट सुधरत नाही, आपला आवाज परका वाटतो, तसंच पिणाऱ्याचं होतं. म्हणून दोन्हीला एकच शब्द. त्यात हसणं नाही, लाज नाही, झाकणं नाही. "आता बोल," तू म्हणालास. शब्द इतका सुंदर होता की माझ्या अंगावर काटा आला. भूत लागतं, नाद लागतो, समाधी लागते, तशी राई लागते. मराठीतल्या सगळ्या ‘लागण्यां’मध्ये तो चपखल बसत होता. मी तुला म्हटलं, दादा, तू जिंकलास. आपला शब्दसंग्रह छापायचं ठरलं तेव्हा शेवटचं पान याच शब्दाला दिलं आणि प्रस्तावनेत मी सरळ लिहून टाकलं की या एका शब्दानं माझं आयुष्यभराचं मत बदललं.

त्या सोमाबाबासाठी आणि राईतल्या देवासाठी मी दर वेळी तुझ्याजवळ नारळ द्यायचे. आहुप्याला जाशील तेव्हा माझ्या नावानं फोड म्हणायचे. पुढच्या बाजाराला तू खोबऱ्याची वाळलेली वाटी आणायचास, कागदात गुंडाळून. "तुझा परसाद." मी ती देवापुढे ठेवायचे, कपाळाला लावायचे आणि मग थोडी थोडी खायचे. कधी वर्गातल्या पोरांच्या हातावरही एकेक तुकडा ठेवलाय.

हॉस्पिटलच्या बाहेर वहिनीनं सगळं सांगितलं. लग्न झालं तेव्हापासून थोडी थोडी होती, नोकरी सुटल्यावर वाढली. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, "त्यांनी माज्या गळ्याची शपथ घातली व्हती, वन्सं. म्हनले, शकूला कळलं तर ती माज्याकडं आबांकडं बघितल्यासारखी बघंल." डिंभ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. तुझ्या पोरांना होतं, शेजाऱ्यांना होतं, मासे विकायला येणाऱ्या बायकांना होतं. एक मीच होते, जी तुझ्या तोंडून दारूचे शब्द ऐकून विचारायची, दादा, हे तुला मिळतात तरी कुठे?

तरी मी मनाची समजूत घातली. म्हटलं, दारू खोटं बोलायला लावते, पण शब्द खरे होते. ते तू कुठेही बसून ऐकले असशील, ऐकले तर होतेस. निदान राईचा शब्द तरी देवाच्या दारातून आलेला आहे. तेवढा एक धागा धरून तुझं दहावं, तेरावं काढलं. सोमाबाबाला तू गेल्याचं सांगायला हवं, असं माझ्या मनानं घेतलं. वहिनी नको म्हणत होती. "लई लांब हाय, यष्टीचा भरवसा न्हाई, कशाला जाताय," असं सारखं म्हणत होती. मला वाटलं, काळजीनं म्हणतेय.

आहुप्याला पोचले तेव्हा दोघी-तिघी बायका नाचणी पाखडत बसल्या होत्या. पिशवीत नारळ होताच. मी सोमाबाबाचं घर विचारलं. त्यांनी आठवून आठवून पाहिलं. त्या नावाचा म्हातारा गावात नव्हता, आधीही नव्हता. मी तुझं वर्णन केलं. त्यांच्यातल्या वयानं मोठ्या बाईला तू आठवलास. "धरणावरलं साहेब व्हय? येक डाव आलं व्हतं, लई वर्सं झाली. राई बघून गेलं." मग मी तो शब्द विचारला. राई लागली असं दारू प्यायलेल्याला म्हणता ना तुम्ही? त्या बाईनं सूप खाली ठेवलं. "कोन म्हनतं? देवाच्या राईचं नाव घिऊन दारूचं बोलायचं? आमचं न्हाई तोंड उठायचं, बाई."

तरी मी हरले नाही. म्हटलं असेल एखाद्या घरात, एखाद्या वाडीवर. त्या बाईबरोबर राईत गेले. आत खरंच अंधारून आलं, तेवढं तू खरं सांगितलं होतंस. नारळ फोडला. मी एक वाटी देवापुढे ठेवली आणि दुसरी पिशवीत घालायला लागले, वहिनीसाठी. त्या बाईनं माझा हात धरला. "हितलं काय बी भाईर नेत न्हाईत. काडी न्हाई, पान न्हाई. नारळ बी हितंच खायाचा, उरंल तो पाखरांना." मी म्हटलं, माझा भाऊ तर दर वेळी वाटी घरी आणायचा. ती अगदी हळू, मला लागू नये अशा बेतानं म्हणाली, "मग ते दुसरीकडं कुटं जात आस्तील, बाई."

आम्ही दोघींनी तिथंच बसून तो नारळ खाल्ला.

परतीच्या यष्टीत मला तुझा म्हातारा कळला. सोमाबाबा. सोम. ऋषींचा तो सोम. मराठीच्या बाईला तू दारूचंच नाव माणूस म्हणून सांगितलंस आणि मी त्याच्यासाठी नारळ देत राहिले. किती हसला असशील. का रडला असशील, भिंतीकडे तोंड करून? मला ठाऊक नाही. मला तुझं काहीच ठाऊक नाही, असं त्या यष्टीत पहिल्यांदा वाटलं, आणि मग मी रडले, पुढच्या सीटची दांडी धरून, लोकांदेखत.

डिंभ्याला उतरून वहिनीला एवढंच विचारलं, नारळांचं काय व्हायचं? ती आधी पदराला गाठ मारत बसली. मग म्हणाली, "येक वाटी पत्र्यावर वाळत घालायचे तुमच्यासाटी. दुसरी घिऊन पान्याकडंला जायाचे, बसायला." म्हणजे चकणा, दादा. आपल्या संग्रहातला तो एकच शब्द, ज्यात देव सापडत नव्हता. अर्धा नारळ तू दारूबरोबर खाल्लास आणि उरलेला अर्धा मी कपाळाला लावून खाल्ला. आईनं आपल्याला फसवलं ते आपण लहान होतो म्हणून, आणि पोटातली भीती झाकायला. तू कुणाला फसवलंस? केस पिकलेल्या बहिणीला, तेही तिच्याच विषयात. वाद जिंकण्यासाठी इतकं कुणी करत नाही. तुला माझ्याकडून हो म्हणून घ्यायचं होतं. दारूत देव असतो असं मी एकदा कबूल केलं की तुझं पिणं आबांच्या पिण्यासारखं राहिलं नसतं. मी कबूल केलं. तू पीत राहिलास.

तू समोर बसून सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं, याचा विचार मी फार केला. आधी बोलले असते, खूप बोलले असते, माझं तोंड तुला माहीत आहे. पण आबांकडे बघितल्यासारखं तुझ्याकडे बघितलं नसतं. आबांच्या आणि माझ्यामध्ये तू उभा राहिला होतास. तुझ्या आणि दारूच्या मध्ये मला एकदा तरी उभं राहू द्यायचं होतंस. तेवढा हक्कसुद्धा तू मला दिला नाहीस, आणि हे मी माफ करणार नाही. निदान आज तरी नाही.

शब्दसंग्रह छापायला जायचा आहे. प्रस्तावना मी फाडली. शेवटचं पानही काढून टाकायचं ठरवलं होतं. खोटा शब्द, न असलेल्या माणसाच्या तोंडचा, कोशात ठेवून काय करायचा? हे ठरवूनच मी दुसऱ्या दिवशी दुपारी जुन्नरला परत जायला डिंभ्याच्या थांब्यावर उभी होते. यष्टी नेहमीप्रमाणे येत नव्हती. माशांची पाटी घेऊन एक बाई बसली होती आणि तिचा नवरा खांबाला टेकून, मान खाली टाकून. यष्टी दिसल्यासारखी झाली तशी ती त्याला कोपरानं डिवचत म्हणाली, "उठ की आता. सकाळधरनं राई लागली का काय तुला?"

मी तिला विचारलं, मावशी, हा शब्द कुठला?

"कोन्ता?"

"राई लागली."

"आसंच म्हनत्यात आमच्याकडं." मग जरा विचार करून म्हणाली, "पयलं धरणावरलं साहेब म्हनायचे. पान्याकडंला बसायचे ना ह्यांच्यासंगट. आता समदीच म्हनत्यात. वारले ते, बिचारे."

माझा हात आपोआप पर्समधल्या फोनकडे गेला. इतक्या वर्षांची सवय आहे. दादा, नवा शब्द सापडला. डिंभ्याचा आहे, माझ्या कानांनी ऐकलाय, अगदी चालता-बोलता, मासे विकणाऱ्या बाईच्या तोंडचा. आता हा कोशातून काढता येणार नाही, शेवटच्या पानावरच राहील, त्याचा उगम मात्र मी खरा लिहीन. आणि तुझा प्रश्नही मला ऐकू आला, तसाच, हसत विचारलेला. ह्यात देव कुठंय?

ह्यात देव नाही, दादा. मी सगळीकडे बघून आले. ह्यात नुसता तू आहेस.